शिकलासवरलेला माणूस महाराजांच्या आहारी कसा जातो?

तुम्ही विचारलंय की इंजिनिअर झालेला भाऊ बघता बघता एका महाराजांच्या इतका आहारी कसा गेला आणि घरच्यांनी एवढं समजावूनही बाहेर का पडत नाही. तुमच्या भावाच्या महाराजांवर मी बोलणार नाही. पण मी पुण्यात वाढले. कोरेगाव पार्कच्या रजनीशांबद्दल (पुढे 'ओशो' म्हणून ओळखले गेलेले) लहानपणापासून ऐकत आणि नंतर मुद्दाम वाचत आले. तुमच्या प्रश्नाला ते उदाहरण चपखल बसतं.

रजनीशांकडे अंगारे-धुपारे नव्हते. हवेतून अंगठी काढून दाखवणाऱ्या बाबांची ते उलट टर उडवायचे. जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवत होते, १९६६ मध्ये नोकरी सोडली, १९७० मध्ये मुंबईला आले आणि १९७४ मध्ये पुण्याला. त्यांच्याभोवती जमलेल्यांत डॉक्टर, वकील, मानसोपचारतज्ज्ञ होते. पुढे अमेरिकेत संशोधकांनी त्यांच्या शिष्यांची पाहणी केली, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश पदवीधर निघाले. म्हणून 'एवढा शिकलेला असून...' हे पालुपद आधी बंद करा. शिकलेल्याला आपलं पाऊल बरोबर कसं, हे पटवायला चार मुद्दे जास्त सुचतात, एवढंच.

सुरुवातीला कुणी काही मागत नाही. आधी मिळतं. रजनीशांच्या डायनॅमिक मेडिटेशनमध्ये दहा मिनिटं भराभर श्वास, मग दहा मिनिटं मनात येईल ते ओरडायचं, रडायचं, मग हात वर करून 'हू हू' करत उड्या, त्यानंतर आहे तिथे पुतळ्यासारखं थांबायचं आणि शेवटी नाच. वर्षानुवर्षं कुणासमोर न रडलेला माणूस यातून बाहेर आला की त्याला खरोखर हलकं वाटतं. ते सुख खोटं नसतं, आणि घरचे लोक नेमकं त्यालाच खोटं म्हणतात. मग तो मनात ठरवून टाकतो की यांना काही कळत नाही. हलकं वाटलं ते व्यायामाने, रडण्याने, सोबत असलेल्या माणसांमुळे. पण जमा मात्र गुरूच्या खात्यावर होतं.

मग दीक्षा. संध्याकाळच्या दर्शनात समोर बसायचं, ते १०८ मण्यांची, स्वतःच्या फोटोचं लॉकेट असलेली माळ गळ्यात घालणार, कपाळावर बोट टेकवणार आणि नवं नाव लिहिलेला कागद हातात देणार. मा अमुक, स्वामी तमुक. कपडे भगव्या-लाल छटांचेच. यातली एकेक गोष्ट तशी किरकोळ. आपण वारीला जाणाऱ्याच्या गळ्यातली माळ बघतोच की. पण वारकरी एकादशीनंतर आपल्या शेतावर आणि आपल्याच नावाने परत येतो. इथे परतायचं ठिकाणच हळूहळू पुसलं जातं.

पुण्याच्या आश्रमात प्रवचनाच्या दाराशी पाटी होती की चपला आणि मन इथेच काढून ठेवा. लोकांना ती गमतीची वाटायची. त्याच दारात आत जाणाऱ्या प्रत्येकाचे केस हुंगून बघायचे, कारण रजनीशांना दमा आणि ॲलर्जी होती आणि शाम्पूचा वाससुद्धा चालत नसे. वास आला तर प्रवेश नाही. सर्जन असो की प्राध्यापक, रोज सकाळी मान पुढे करून उभा. मला हे दृश्य फार बोलकं वाटतं. या नियमाचं कारण अगदी पटण्यासारखं आहे, आजारी माणसाची काळजी. सवय मात्र लागते ती काहीही न विचारता मान पुढे करण्याची.

तक्रार केली तर? 'तू निगेटिव्ह झालास', 'हा तुझा अहंकार बोलतोय'. ही युक्ती जगभर चालते, आपल्याकडच्या मठांतही. शंका आली की दोष शंका घेणाऱ्यात शोधायचा, म्हणजे मूळ प्रश्न तसाच राहतो आणि विचारणारा स्वतःलाच तपासत बसतो.

१९८१ मध्ये बाडबिस्तरा अमेरिकेत ऑरेगनला हलला. चौसष्ट हजार एकरांचं माळरान घेऊन रजनीशपुरम उभं केलं. तिथे कामाला काम म्हणायचं नाही, 'वर्शिप' म्हणायचं, आणि ही पूजा दिवसाला बारा तास, आठवड्याचे सातही दिवस चाले. लोकांनी घरं विकून पैसे दिले होते. मुलं आईबापांपासून वेगळी राहत. दुपारी रजनीश रोल्स रॉइसमधून (शेवटी त्यांच्या गाड्या ९३ झाल्या) हळूहळू जात आणि सगळे रस्त्याकडेला हात जोडून उभे. आता यातल्या एकाला वाटलं की हे चुकतंय, तर त्याने जायचं कुठे? घर नाही, नोकरी नाही, मित्र सगळे इथलेच, नावसुद्धा यांनीच दिलेलं. बाहेर पडणं म्हणजे आपली इतकी वर्षं वाया गेली हे आधी स्वतःशी कबूल करणं. माणूस त्यापेक्षा आणखी एक वर्ष थांबणं पसंत करतो.

शत्रूचाही मोठा उपयोग होतो, आणि तो काल्पनिकच असतो असं नाही. १९८० मध्ये पुण्यात प्रवचन चालू असताना एकाने खरोखर सुरा फेकला होता. १९८३ मध्ये ऑरेगनमधल्या पोर्टलंड शहरात रजनीशांच्या पंथाच्या हॉटेलात बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर बंदूकधारी पहारे वाढले आणि ते आतल्यांना योग्यच वाटले.

रजनीश १९८१ पासून साडेतीन वर्षं जाहीर मौनात होते. कारभार त्यांच्या सचिव, मूळ बडोद्याच्या मा आनंद शीला यांच्या हाती. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जवळच्या 'द डॅल्स' गावातल्या दहा रेस्टॉरंटांमध्ये सॅलडवर साल्मोनेला जंतू टाकले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) निवडणुकीत गावकऱ्यांचं मतदान कमी व्हावं, हा हेतू. हे करणारी मंडळी मूठभर होती. बाकीचे भाजी चिरत होते, रस्ते बांधत होते, त्यांना पत्ताही नव्हता. उघडकीला आल्यावर रजनीश म्हणाले, हे शीलाने केलं, मला माहीत नव्हतं. मधे अशी एक व्यक्ती असली की कडू हुकूम तिचे आणि गोड प्रवचन गुरूंचं. भक्ताचा राग वरपर्यंत पोचतच नाही. शीला तुरुंगात गेल्या; रजनीशांना इमिग्रेशनच्या गुन्ह्यात चार लाख डॉलर दंड भरून १९८५ मध्ये देश सोडावा लागला. आणि १९८७ मध्ये ते पुण्याला परतले, तेव्हा जुने शिष्यही मोठ्या संख्येने मागोमाग आले. एवढं सगळं वर्तमानपत्रांत छापून आलेलं असताना!

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो लागू व्हावा म्हणून दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. पण त्याचा रोख चमत्काराचे दावे आणि अघोरी प्रथांवर आहे. सज्ञान माणूस आपखुशीने पगार आणि वेळ देऊन टाकत असेल तर पोलीस काय करणार?

म्हणून तुमच्यापुरतं सांगते. महाराजांची कात्रणं आणि व्हिडिओ भावाला पाठवणं थांबवा. त्याला आत सांगितलेलं असतं की घरचे विरोध करतील, आणि तुम्ही ते भाकीत रोज खरं करताय. फ्लॅट किंवा शेतजमिनीचे कागद एकट्याच्या सहीने जाणार नाहीत एवढं वकिलाकडून बघून घ्या, तिथे मुळीच भिडस्तपणा नको. बाकी त्याला फोन करत राहा. आईची तब्येत, पुतण्याची परीक्षा, सोसायटीतली भांडणं, काहीही बोला. आणि त्याने स्वतःहून तिथली एखादी कुरबुर सांगितली तर 'बघ, मी म्हणत नव्हते?' हे वाक्य गिळा आणि पुढे काय झालं ते विचारा.