एसीच्या पाइपचं पाणी खालच्यांच्या भिंतीत उतरलं, भरपाई कोणी द्यायची?

नमस्कार दादा, तुमचं पत्र वाचलं, फोटोही पाहिले. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर तुमचा फ्लॅट, एप्रिलमध्ये दुकानातून दीड टनाचा स्प्लिट एसी घेतला ४२,००० ला, इन्स्टॉलेशन फ्री. कंपनीचा मेसेज आला, दोन मुलं आली, आणि बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला पाणी सोडायला जागा नाही म्हणून त्यांनी आतल्या भिंतीत झिरी मारून ड्रेन पाइप आणि तांब्याचे दोन्ही पाइप चार मीटर कन्सील करत नेले, ड्रेन बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाला, सोडला, वर गिलावा करून दिला. जास्तीच्या पाइपचे आणि झिरीचे ४,२०० रुपये त्यातल्या एका मुलाने स्वतःच्या नंबरवर यूपीआयने घेतले, बिल नाही. तीन आठवड्यांत खालच्या काका-काकूंच्या बेडरूमची भिंत ओली, रंगाचे पोपडे, कपाटाची मागची प्लाय फुगली. ते ८५,००० मागतायत, सोसायटीच्या चेअरमननी एसी काढून टाका असं पत्र दिलंय, दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते एक्स्ट्रा पाइपिंग हे ग्राहकाने परस्पर करून घेतलेलं काम आहे, आमचा संबंध नाही, उलट वॉरंटी जाईल. आणि तुम्ही विचारताय की मी कोणाकोणाशी भांडू.

पहिली गोष्ट, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकात एक मिसळू नका. खालचे काका आणि तुम्ही हे एक. तुम्ही आणि दुकान-कंपनी हे दुसरं. काकांना कंपनीशी काही देणंघेणं नाही, त्यांनी एसी घेतलेला नाही, ग्राहक कायद्यात ते त्या कंपनीचे ग्राहकच होत नाहीत, त्यामुळे त्यांनी तुमच्याकडे बघणं साहजिक आहे. आता तुम्ही म्हणाल चूक तर त्या मुलांची. बरोबर, आणि बाहेरच्या कारागिराच्या हलगर्जीपणाला घरमालक दरवेळी जबाबदार असतो असंही नाही. पण आपल्या घरातून पाणी शेजाऱ्याकडे जातंय हे कळल्यावर सुद्धा ते चालू ठेवलं तर मग ती जबाबदारी आपली होते, हे तत्त्व जुनं आणि पक्कं आहे. तुम्हाला ९ मे ला काकूंनी भिंत दाखवली असं तुम्हीच लिहिलंय आणि त्यानंतर "रात्री दोन-तीन तासच" एसी लावत होतात असंही लिहिलंय. दादा, ते आजपासून बंद. उकडतंय हे मला कळतं, लहान बाळ आहे घरात हेही वाचलं, पण कोर्टात सगळ्यात आधी हाच प्रश्न येईल की कळल्यावर तुम्ही काय केलंत. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, म्हणजे तुमच्या त्या दोन-तीन तासांत दोन-तीन लिटर पाणी, त्यातलं निम्मं जरी भिंतीत मुरलं तरी विचार करा.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पुरावा. तुमच्या प्लंबरने बाथरूमजवळ दीड फूट गिलावा फोडला त्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. एसीची लवचिक ड्रेन नळी पीव्हीसी पाइपात नुसती खुपसलीय, वर काळी टेप गुंडाळलीय, सोल्व्हंटचा, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रावणाचा, पत्ता नाही. त्याच्या पुढे पाइप सपाट, मधे चक्क पोट आलंय त्याला. ड्रेन हा काही पंपाने वाहत नाही, ढाळावर वाहतो, मीटरमागे निदान १ सेंटीमीटर ढाळ पाहिजे म्हणजे तुमच्या चार मीटरला ४ सेंटीमीटर उतार दिसायला हवा होता, तो नाही म्हणून त्या पोटात पाणी साचून मागे फुगतं आणि टेपमधून बाहेर पडतं. हे तुमच्याही लक्षात आलंच असेल. पण त्याच फोटोत अजून एक गोष्ट आहे ती तुमच्या पत्रात नाही. तांब्याच्या दोन्ही पाइपांवरचं काळं इन्सुलेशन झिरीत घुसताना कापून काढलंय, झिरी अरुंद पडली असणार. आपल्याकडच्या बहुतेक स्प्लिट एसीत गॅसचा दाब बाहेरच्या युनिटमध्येच उतरतो, म्हणून जाड आणि बारीक दोन्ही पाइप गार असतात, उघडे राहिले की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा त्यांना भिंतीच्या आत घाम फुटतो. म्हणजे उद्या कंपनीने माणूस पाठवून तो टेपचा जोड नीट करून दिला तरी भिंत ओलीच राहील, आणि मग ते म्हणतील आम्ही तर दुरुस्त करून दिलं. म्हणून तक्रारीत दोन्ही दोष वेगवेगळे लिहा. ड्रेनला ढाळ नाही आणि जोड कच्चा, हा एक. गॅस पाइपचं इन्सुलेशन भिंतीत काढून टाकलं, हा दुसरा.

आणि कृपा करून ती भिंत लगेच बुजवू नका. मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये हे पुन्हा पुन्हा बघते, माणसं शेजाऱ्याच्या भीतीने दोन दिवसांत पाइप बदलतात, रंग लावतात, आणि मग माझ्याकडे येतात तेव्हा दाखवायला कोरी भिंत असते. तुम्ही असं करा. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि खालच्या काकांना बोलवा, काकांना मुद्दाम बोलवा. आधी दोन दिवस एसी पूर्ण बंद ठेवून बाथरूम नेहमीसारखं वापरा आणि खालची भिंत बघा, कारण उद्या कंपनीचा वकील म्हणणारच की ही तुमच्या बाथरूमच्या टाइल्सच्या जोडांतली गळती आहे. मग तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर इनडोअर युनिटचं कव्हर काढून ट्रेमध्ये मापाच्या भांड्याने दोन लिटर पाणी हळूहळू ओता आणि न्हाणीजवळ पाइपच्या तोंडाशी दुसरं भांडं धरा. दोन लिटर ओतलं आणि सव्वा लिटरच बाहेर आलं तर उरलेलं कुठे गेलं ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पूर्ण व्हिडिओ एकसलग, मधे कट नाही, आणि शेवटी एका कागदावर तारीख, वेळ, काय पाहिलं ते लिहून हजर असलेल्यांच्या सह्या. व्हिडिओ ज्या मोबाइलवर काढला तो मोबाइल सांभाळा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कॉपी नाही तर मूळ फाइल ठेवा, कारण आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तितका काटेकोर नसतो तरी आपल्या बाजूने कच्चं का ठेवायचं.

हे झालं की कंपनीला आणि दुकानाला ईमेल, सोबत फोटो, की सात दिवसांत अधिकृत माणूस पाठवून पाहणी करा, भिंत त्यासाठी उघडी ठेवलीय, नाहीतर खालच्या घराचं नुकसान थांबवण्यासाठी मी दुसरीकडून दुरुस्ती करून घेईन आणि खर्च तुमच्याकडून घेईन. हे एक वाक्य फार मोलाचं आहे, त्याने "आम्हाला बघूच दिलं नाही" हा बचाव संपतो. ते आले नाहीत तर एखाद्या अनुभवी एसी इंजिनिअरकडून लेखी रिपोर्ट घ्या आणि मग दुरुस्ती करा. पाइपचं काम परत करताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला का आणि जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावला का ते उभं राहून बघा, बिल घ्या.

"ती मुलं आमची नाहीत" याचं काय? तुमच्या मोबाइलमध्ये १७ एप्रिलचा मेसेज आहे ना, जॉब नंबर, टेक्निशियनचं नाव, आणि काम संपल्यावर द्यायचा ओटीपी. हाच. कंपनीने नाव देऊन माणूस पाठवला, त्याच भेटीत त्याने पाइपिंग केलं, आणि ग्राहकाला वाटलं की हा कंपनीचा माणूस कंपनीच्या कामाचाच भाग करतोय. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २३७ हेच सांगतं, की मालकाने आपल्या वागण्याने समोरच्याचा असा समज करून दिला असेल तर एजंटने अधिकाराबाहेर केलेल्या कामालाही मालक बांधला जातो. पैसे मुलाच्या नंबरवर गेले त्याची लाज वाटून तुम्ही ते पत्रात शेवटी घाईघाईत लिहिलंय, पण यूपीआयची ती नोंद तुमच्या फायद्याची आहे, त्याच तारखेची, त्याच माणसाच्या नावाची. रोख दिले असते तर जड गेलं असतं. आणि "इन्स्टॉलेशन फ्री होतं म्हणजे सेवा फुकट, तक्रार करता येत नाही" असं दुकानदार म्हणतोय, त्याला म्हणावं, फुकट सेवा कायद्याबाहेर आहे हे खरं, पण हे फुकट नव्हतं, ४२,००० त मोजलेलं होतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तू किंवा सेवेमुळे झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरण आहे आणि त्यात कलम ८५ हे नेमकं सेवा देणाऱ्याचं, सदोष किंवा अपुरी सेवा दिली आणि त्यातून नुकसान झालं तर तो जबाबदार. नुकसान म्हणजे एसीचं नाही, एसी सोडून इतर मालमत्तेचं, तुमची भिंत आलीच त्यात. तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात, कारण तुम्ही राहता तिथे करता येते, कंपनीचं हेड ऑफिस दिल्लीला असू दे नाहीतर चेन्नईला. फी शून्य, कारण फी तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत काही नाही. मुदत २ वर्षं, पण थांबू नका. दुकान, कंपनी आणि मेसेजमध्ये जिचं नाव आहे ती सर्व्हिस एजन्सी, तिघांनाही पार्टी करा, नाहीतर प्रत्येक जण गैरहजर असलेल्यावर ढकलेल. आधी १९१५ हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याचदा तिथेच कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत गोष्ट जाते. नोटीस पाठवणं कायद्याने सक्तीचं नाही तरी १५ दिवसांची पाठवा, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. केस दाखल झाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव, त्यापुढे नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला हिल्ली कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात हे पक्कं केलंय. निकालाला कायदा तीन ते पाच महिने म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, हे आधीच सांगून ठेवते.

आता काकांचे ८५,०००. एकदम द्या असं मी म्हणणार नाही आणि एक पैसा देऊ नका असंही नाही. दोघं मिळून भिंत बघा, रंगाऱ्याचे आणि सुताराचे दोन-दोन कोटेशन घ्या, कपाट किती जुनं होतं ते बघा, आठ वर्षांच्या कपाटाच्या बदल्यात नवं कपाट बनत नाही. रंग लगेच लावायला देऊ नका, ओल पूर्ण वाळू दे, ओल्या भिंतीवरचा रंग पावसाळ्यात परत सुटेल आणि तो खर्च परत तुमच्यावर येईल. जे ठरेल ते कागदावर, त्यात "माझी चूक मान्य" असे शब्द नकोत, "माझे कायदेशीर हक्क राखून, शेजारधर्म म्हणून" असं लिहा, रक्कम चेकने किंवा यूपीआयने द्या आणि पावती घ्या, कारण हीच रक्कम तुम्हाला कंपनीकडून मागायचीय आणि पावती नसेल तर आयोग देणार नाही. नाही जमलं तर काका दिवाणी कोर्टात जाऊ शकतात, पण तुम्ही गळती थांबवलीत, बोलावून दाखवलंत, वाजवी रक्कम देऊ केलीत हे कागदावर असेल तर तुमची बाजू वेगळीच दिसते. तुम्ही लिहिलंय की काकू आता जिन्यात बोलत नाहीत. तुम्ही दोघं एकदा खाली जाऊन या, कागद-बिगद न घेता.

सोसायटीचं पत्र मात्र घाबरण्यासारखं नाही. गळती थांबवा असं सांगायचा, सूचना देऊन घर बघायचा त्यांना उपविधींप्रमाणे अधिकार आहे आणि तो तुम्ही मान्य करा. पण गळती थांबल्यावरही एसी काढाच असं म्हणायला उपविधीतली तरतूद किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवावा लागेल, चेअरमनच्या सहीचं पत्र पुरत नाही. लेखी उत्तर द्या, अमुक तारखेपासून एसी बंद आहे, चाचणी केली, दुरुस्ती अमुक दिवशी. एकच गोष्ट तपासा, बाहेरच्या युनिटकडे पाइप काढताना भोक विटांच्या भिंतीतून पाडलंय की बीममधून. फोटोत ते छताच्या फार जवळ वाटतंय. बीमला लागलं असेल तर लपवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीला कळवा, तिथे चेअरमनची हरकत खरी आहे आणि तोही खर्च मग तक्रारीत धरायचा.

मागणीचा आकडा फुगवू नका. तुमची भिंत, नवं पाइपिंग, मुलाला दिलेले ४,२००, काकांना दिलेली रक्कम, रिपोर्टची फी, आणि त्रासाबद्दल वाजवी रक्कम, प्रत्येकाला कागद जोडून.

प्लंबर पाइप बदलेल तेव्हा तो टेप गुंडाळलेला जोड दोन्ही बाजूंनी वीतभर ठेवून कापायला सांगा, पिशवीत घालून वर तारीख लिहा, सेक्रेटरीची सही घ्या, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की हे भंगारात द्यायचं नाही.