ॲन आर्बरला येणाऱ्या भाचीला

तू लिहिलंस की नवऱ्याला इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये नोकरी लागलीय, जानेवारीत निघायचंय, मुलगा सात वर्षांचा आहे, तर मावशी, कुठल्याही वेबसाइटवर न सापडणारं असं काय सांगाल? आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस, की नव्या टीमबरोबर ओळखीचा कॉल झाला तेव्हा त्यातले दोघं "युफर, बेकमन, ब्रँडस्टॅटर" असं काहीतरी घेऊन हमरीतुमरीवर आले आणि तुझा नवरा नुसता हसत बसला. हे कोण, वरचे साहेब का?

साहेब नव्हेत गं, रेडिओवाले. इथल्याच मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची कॉमेंट्री करणारे. फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून धडका मारायचा तो. व्हिसा, घरभाडं, क्रेडिट स्कोअर, बर्फातले बूट यांवर ढीगभर लिहिलेलं आहे, ते वाच. मी तुझ्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण ती वाचली आणि कुकर लावायचा राहिला.

बॉब युफर हा यातला सगळ्यात जुना. १९४५ ते १९८१ इतकी वर्षं, सलग ३६२ सामने. पोटापाण्याला विम्याचा धंदा. तरुणपणी याच विद्यापीठाकडून धावायचा. १९४२ मध्ये ४४० यार्डांचा इनडोअर जागतिक विक्रम त्याच्या नावावर होता. निःपक्षपातीपणाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनापती जनरल पॅटन यांच्या जीपवरचा भोंगा त्याच्याकडे होता. आपल्या संघाचा टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) झाला की तीनदा, फील्ड गोलला (लाथेने मारलेल्या गोलाला) दोनदा, टचडाउननंतरच्या एक्स्ट्रा पॉइंटला एकदा तो थेट माइकसमोर वाजवायचा. १९७९ च्या इंडियानाविरुद्धच्या सामन्याची ध्वनिफीत नेटवर आहे, ती ऐकच. २१-२१ बरोबरी, सहा सेकंद उरलेले, जॉन वँगलरचा पास, अँथनी कार्टर ४५ यार्ड पळत सुटतो आणि गोलरेषेपार. युफर किंचाळतो, घसा फाटतो, रडवेला होतो. कोण आडवा आला, कोण पडला, काहीएक कळत नाही. त्या वर्षी मिशिगनच्या फुटबॉलची शंभरी होती, म्हणून तो ओरडून सांगतो की आणखी शंभर वर्षं होईपर्यंत हा पास ऐकू येत राहील. ऑक्टोबर १९८१ मध्ये तो कर्करोगाने गेला.

त्याच्या जागी फ्रँक बेकमन. १९८१ पासून २०१३ च्या मोसमापर्यंत. युफरची माणसं अजून म्हणतात, बेकमन चांगला, पण कोरडा. बेकमनची माणसं म्हणतात, अरे पण त्याच्या कॉमेंट्रीत निदान खेळ तरी दिसायचा. हे भांडण मिटणारं नाही. २०१४ ते २०२१ जिम ब्रँडस्टॅटर. तो आधी बेकमनच्याच शेजारी बसून तज्ज्ञ म्हणून बोलायचा, मग मुख्य खुर्चीत आला आणि त्याच्या जोडीला डॅन डिअरडॉर्फ. दोघेही एकेकाळी प्रशिक्षक बो शेम्बेकलरच्या हाताखाली याच संघातून खेळलेले धिप्पाड गडी. डिअरडॉर्फ तर पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते दोघे बोलत तेव्हा सामना थोडा आणि गप्पा जास्त, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटतं. माझ्या मुलाला तेच आवडायचं. २०२२ पासून डग कार्श आणि जॉन जॅन्सन आहेत. त्यांच्या वाट्याला २०२३ चा न हरलेला मोसम आणि राष्ट्रीय अजिंक्यपद आलं, त्यामुळे त्यांच्यावर अजून कुणी फारसं रागावलेलं नाही.

नवऱ्याला एवढंच सांग: कोण कुणाचं नाव घेतो यावरून त्याचं वय ओळखायचं. युफर म्हणाला तर गृहस्थ साठीच्या आसपास किंवा पुढे, शाळकरी वयात वडिलांच्या गाडीत बसून ऐकलेलं असणार. बेकमन म्हणाला तर पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे. यात कोण भारी हा प्रश्नच नसतो. आपण लहान असताना गाडी कोण चालवत होतं, याबद्दल ते बोलत असतात. म्हणून तिथे मत द्यायला जाऊ नये. विचारावं, तुमच्या घरी कोण ऐकायचं? मग समोरचा अर्धा तास बोलतो.

आता मुलाची शाळा. जन्मदाखला काढून बघ, त्यावर मुलाचं नाव आहे का? आपल्याकडे दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, आणि दाखल्यावर नावाच्या जागी नुसती रेघ राहते. आमच्या दाखल्यावर ती होती. इथे बाळाचं नाव ठरवूनच बहुतेक लोक दवाखान्यातून घरी जातात. शाळेच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईने तो कागद उजेडात धरला, उलटा करून पाठीमागेही पाहिला, आणि मला विचारलं, या मुलाला सहा वर्षं काही नावच नव्हतं का? साताऱ्याहून दुरुस्त दाखला येईपर्यंत तीन वेळा तेच. लसींचंही तसंच, कांजिण्यांच्या लसीची नोंद मागतात आणि ती आपल्या कार्डावर बहुधा नसते.

पण अजून सलतं ते वेगळंच. प्रवेशाच्या कागदांत एक प्रश्न असतो, घरी कोणती भाषा बोलता? मी अभिमानाने मराठी लिहिलं. खोटं कशाला लिहायचं? त्यावरून माझ्या मुलाला इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. साताऱ्यात इंग्रजी शाळेत शिकलेला, गोष्टीची पुस्तकं घडाघडा वाचणारा पोरगा. रोज त्याच्या वर्गाचा गणिताचा तास चालू असताना त्याला उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे आणि सफरचंदाचं चित्र दाखवून हे काय म्हणून विचारायचे. मी भेटायला गेले तर बाई गोड हसून म्हणाल्या, त्याचे उच्चार अजून पक्के नाहीत. पालकांना हा वर्ग नाकारता येतो, कायद्याने तसा हक्क आहे, हे मला त्या शाळेत कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या एका मुलाच्या आईकडून कळलं, तेव्हा वर्ष सरलं होतं. तोवर त्याने शाळेच्या फाटकाशी माझ्याशी मराठी बोलणं सोडलं होतं. मग गाडीत. मग घरातही. आता तो मोठा झालाय, नोकरी करतो, मी मराठीत बोलते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. दोघांनाही सगळं समजतं, पण माझा राग जात नाही. तू प्रश्नाचं उत्तर खरंच लिही. फक्त त्याच दिवशी चाचणीचा निकाल लेखी माग आणि नको असेल तर नको म्हणून लेखी दे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. सवय होते.

बरं, थोडं सांगते. मी साताऱ्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. २००४ मध्ये आलो तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगीच नव्हती. त्या नियमात सूट मिळाली २०१५ मध्ये, तीही ग्रीन कार्डाच्या रांगेत अमुक पायरीपर्यंत पोचलेल्यांच्या बायकांना. तोपर्यंतचे शनिवार मी मुलाच्या पोहण्याच्या क्लासबाहेर गाडीत काढले. नवरा शनिवारीही ऑफिसात. गाडी जुनी, रेडिओचं बटण एएमवरच अडकलेलं, आणि ७६० वर डेट्रॉइटचं डब्ल्यूजेआर. ५० हजार वॅटचं स्टेशन, कुठेही लावा, खणखणीत. पहिली दोन वर्षं सामने तिथेच, बेकमनच्या आवाजात. मग ते दुसऱ्या स्टेशनवर गेले, तिथेही बेकमन.

मला त्या खेळाचं अक्षर कळत नव्हतं. पण रेडिओवाल्याला दर चालीआधी सगळं सांगावंच लागतं, कितवा प्रयत्न (त्याला डाउन म्हणतात), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या रेघेवर, कोण डावीकडे सरकला. चार प्रयत्नांत दहा यार्ड, नाहीतर चेंडू गेला. दोन-तीन शनिवारांत डोक्यात मैदान तयार झालं. टीव्हीवर हे कुणी सांगत नाही, दिसतंय ना मग, म्हणतात. आठवड्यातून तीन-साडेतीन तास एक माणूस माझ्याशी पूर्ण वाक्यांत, न घाबरता, न हळू बोलता इंग्रजी बोलायचा. बाकी आठवडाभर लोक माझ्याशी बोलायचे ते मोठ्याने आणि एकेक शब्द तोडून, मी बहिरी असल्यासारखं.

मुलगाही मागे बसून ऐकायचा. "थर्ड अँड सेव्हन", म्हणजे तिसरा प्रयत्न, सात यार्ड हवेत, हे त्याने बेकमनच्या ढंगात म्हणून दाखवलं आणि शाळेतल्या पोरांनी त्याला पहिल्यांदा खेळायला घेतलं. त्याचे ते उच्चार पक्के झाले ते या मागच्या सीटवर. बेकमन स्वतः जर्मनीत जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर इकडे आलेला, हे मला पुष्कळ नंतर कळलं. सोमवार ते शुक्रवार डब्ल्यूजेआरवर त्याचा गप्पांचा कार्यक्रम असायचा. त्यातली राजकीय मतं मला पटायची नाहीत, मी बंद करायचे. शनिवारी सामन्याला त्याला परत लावायचे.

१ सप्टेंबर २००७ चा सामना आमच्या घरात अजून कुणी काढत नाही. पाचव्या क्रमांकाचा मिशिगन, समोर खालच्या विभागातला ॲपलाचियन स्टेट. शेवटच्या सेकंदांत फील्ड गोल मारायचा, जिंकायचं, घरी जायचं. किक अडवली गेली. ३४-३२. मागे नऊ वर्षांचं पोरगं हमसून हमसून रडतंय आणि मी चावी फिरवायची सोडून पुढे बसून रडतेय. ज्या गावात मला धड शेजारीण नव्हती, त्या गावाच्या संघासाठी.

आमच्या घरी हे नवं नव्हतं म्हणा. बाबांना क्रिकेटच्या मराठी समालोचनात बाळ ज. पंडितांपुढे कुणी चालत नसे. शेजारचे काका वि. वि. करमरकरांचे. ट्रान्झिस्टर एकच, तो काकांचा, त्यामुळे बाबा ऐकायला तिकडे जायचे आणि तिथे बसूनच वाद घालायचे. मुलाला मी हे सांगायला गेले एकदा. त्याने विचारलं, रेकॉर्डिंग आहे का? माझ्याकडे नव्हतं. युफरचं आहे बघ, हवं तेवढं. बाबांच्या पंडितांचा आवाज मला पोरापर्यंत पोचवता आला नाही, आणि मी मात्र त्याच्या गावचे सगळे आवाज पाठ करून बसले.

तो ब्रँडस्टॅटरचा भक्त, कारण २०१४ मध्ये तो सोळाचा होता, लायसन्स नवं, गाडी त्याच्या हातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये बर्फात कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं, २०११ नंतर पहिल्यांदा. ब्रँडस्टॅटरचा तो शेवटचा मोसम. मुलाने शिकागोहून फोन केला आणि आम्ही दोघं नुसते ओरडत होतो, तो इंग्रजीत, मी मराठीत. पुढच्या मार्चमध्ये बेकमन गेला. मी मंडळातल्या मैत्रिणींना सांगितलं तर म्हणाल्या, कोण? नवरा म्हणाला, बरं. मग मुलाला फोन केला. तो जरा थांबला आणि म्हणाला, आई, तुला बेकमन आवडायचा कारण तुझ्याशी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. त्याने हे चिडून म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, तसं नाही, त्याला डाउन आणि यार्ड अचूक सांगता यायचे. तेही खरंच आहे.

असो. तुझं तसं होईलच असं नाही. आता व्हॉट्सॲप आहे, जवळच्या कँटन-नोवायकडे आपली माणसंही पुष्कळ आहेत. तुझा व्हिसा कुठला ते मात्र नीट बघ, आणि नोकरीची परवानगी नसेल तर नवऱ्याच्या हो-हो वर निघू नकोस. तारखा लिहून घे. आल्यावर गाडी आधी घे, सोफा नंतर.

आणि हो, मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. घरच्या सामन्याच्या शनिवारी तेवढी माणसं या छोट्या गावात येतात, लोक अंगणातली हिरवळ गाड्या लावायला भाड्याने देतात, आणि दहा मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो. गणपती नेमके त्याच दिवसांत. आरतीची वेळ किकऑफ, म्हणजे सामना सुरू होण्याची वेळ, बघूनच ठरवावी लागते. मुलाचा वाढदिवस कधी असतो ते कळव. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधला असेल तर वेळापत्रक बघून तारीख धर. होम गेमच्या शनिवारी ठेवलास तर त्याच्या वर्गातलं एकही पोर यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही येणार नाही.