हौदा मागे सरकवावा की आखूड करावा?

प्रश्न : लष्कराने लिलावात काढलेला एक जुना फोर-बाय-फोर (पुढच्या-मागच्या सर्व चाकांना इंजिनची ओढ असलेला) ट्रक आम्ही बागेच्या कामासाठी घेतला आहे. दोन्ही ॲक्सलमधील अंतर 4 मीटर आहे. हौदा 4.20 मीटर लांब असून त्याचे मागचे टोक मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे येते. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये फवारणीसाठी 300 लिटरची टाकी आणि पंप बसवायचा आहे. त्यासाठी हौदा 45 सेंटिमीटर मागे घ्यावा, असा विचार आहे. अंबडचे एक बॉडी बांधणारे कारागीर चेसीला नवी भोके पाडून दोन दिवसांत काम करून देतो म्हणतात. हंगामात याच ट्रकमधून 4 टन द्राक्षे न्यायची आहेत. हे काम करावे का?
— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका, जि. नाशिक

उत्तर : आपण काम सुरू होण्याआधी विचारले, हे फार चांगले केले. हौदा मागे सरकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकीसाठी जागा हवीच असेल तर हौदा पुढच्या बाजूने 45 सेंटिमीटर कापून आखूड करावा आणि त्याचे मागचे टोक आज आहे तिथेच ठेवावे. दोन्ही पर्यायांत टाकीला जागा सारखीच मिळते. ट्रकवर होणारा परिणाम मात्र फार वेगळा आहे, आणि तो आपल्याच मापांवरून दाखवता येतो.

माल हौद्यात सारखा पसरला असेल तर त्याचे वजन हौद्याच्या मध्यावर आहे असे धरावे. तो मध्य मागच्या ॲक्सलच्या जितका पुढे, तितका भार पुढच्या चाकांवर जातो, आणि त्याचे प्रमाण काढण्यासाठी त्या अंतराला दोन ॲक्सलमधील अंतराने भागावे लागते. आपल्या हौद्याचा मध्य आज मागच्या ॲक्सलच्या 60 सेंटिमीटर पुढे आहे. म्हणून 4,000 किलो मालापैकी 15 टक्के, म्हणजे 600 किलो, पुढे जातात आणि 3,400 किलो मागच्या ॲक्सलवर राहतात. हौदा 45 सेंटिमीटर मागे गेला की हे अंतर 15 सेंटिमीटर उरते, पुढे केवळ 150 किलो जातात आणि मागच्या ॲक्सलवर 3,850 किलो येतात. एक किलोही माल न वाढवता मागचे पाटे, टायर आणि ॲक्सल यांच्यावर साडेचारशे किलोंचा बोजा वाढला. तोच हौदा आखूड केला तर मध्य 37.5 सेंटिमीटर पुढे राहतो आणि पुढच्या चाकांवर 375 किलो टिकतात.

टाकीचे वजन पुढे असल्याने ही तूट भरून निघेल, असे कोणी सांगेल. पाणी, पंप आणि स्टँड मिळून सुमारे 360 किलो धरले, तर त्यांतील सव्वादोनशेच्या आसपास किलो पुढच्या चाकांवर जातात. म्हणजे आखूड हौदा आणि भरलेली टाकी असताना पुढचा भार जवळजवळ मूळच्या 600 किलोंइतका होतो. परंतु ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारणीसाठी जी टाकी भरलेली असते, ती जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षे बाजारात नेताना रिकामीच असणार. म्हणून हिशेब रिकाम्या टाकीचाच धरावा.

असे ट्रक पुढच्या बाजूला मुळातच जड असल्यामुळे हौदा सरकवल्याबरोबर स्टिअरिंग हलके पडेल, असे मी म्हणणार नाही. खरा तोटा मागच्या ॲक्सलचा आहे, आणि दुसरा तोटा पावसाळ्यात कळतो. काळ्या चिकण जमिनीत पुढच्या चाकांना ओढ मिळते ती त्यांच्यावरील वजनामुळे, आणि हा ट्रक आपण घेतला तो त्या ओढीसाठीच. शिवाय मागे लोंबणारा भाग वाढला की नाल्यातून किंवा बांधावरून चढताना फाळक्याखालची कड जमिनीला टेकते. देवळालीच्या तोफखाना विद्यालयामुळे नाशिककरांना असे ट्रक तोफ ओढताना पाहण्याची सवय आहे. ट्रकमागच्या ज्या लोखंडी आकड्याला (हुकाला) ती तोफ जोडतात, तो आकडा हौदा मागे गेल्यावर हौद्याच्या खाली दडतो आणि ट्रॉली जोडणे अवघड होते.

आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष ट्रकखाली जाऊन पाहावी. हौद्याखालचे आडवे क्रॉस मेंबर मागच्या चाकांना वर उसळण्यासाठी जागा सोडून बसवलेले असतात. हौदा सरकला की त्यांतील एखादा नेमका टायरच्या डोक्यावर येतो आणि भरलेला ट्रक खड्ड्यात आपटला की टायर त्यावर घासतो.

आता भोकांविषयी. चेसीच्या लांब उभ्या पट्टीचे वरचे आणि खालचे पाख (आडव्या वळवलेल्या कडा) सर्वांत जास्त ताण सोसतात, म्हणून त्यांना भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये. सातपूरच्या एका गॅरेजमध्ये मी अशा भोकापासून सुरू झालेली चीर उभ्या पट्टीत चार बोटे उतरलेली पाहिली आहे, आणि तेव्हापासून या बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही. भोक अगदी टाळता येत नसेल, तर ते उभ्या पट्टीच्या मधल्या भागात, ड्रिलने आणि ब्रेकचे पाइप व वायरिंग बाजूला घेऊन पाडावे. गॅसकटर तिथे आणूच नये. भोकांऐवजी यू-बोल्ट (चेसीला कवटाळणारे यू आकाराचे बोल्ट) वापरताना पाख आत दबू नयेत म्हणून चेसीच्या पोकळीत आधाराचा ठोकळा द्यावा. खडबडीत रस्त्यावरच्या अनेक ट्रकांत हौद्याच्या पुढच्या टोकाचे बोल्ट स्प्रिंगवर बसवलेले असतात, जेणेकरून चेसी पिळली तरी हौदा तिला अडवत नाही. आपल्या ट्रकला ते असतील, तर हौदा आखूड केल्यावर नव्या पुढच्या टोकाला तेच बोल्ट पुन्हा बसवून घ्यावेत. कारागीर ते काढून घट्ट बोल्ट लावू लागले, तर काम तिथेच थांबवावे.

कायद्याची बाजू कापाकापीच्या आधी पाहावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मागचा लोंबता भाग दोन ॲक्सलमधील अंतराच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. आपल्या ट्रकसाठी ही मर्यादा 2.40 मीटर होते आणि हौदा सरकवल्यावरही तो भाग 1.95 मीटरच भरतो. कारागीर बहुधा हाच आकडा दाखवतील, पण मागच्या ॲक्सलवर किती भार येतो, हे त्या नियमावरून कळत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि कलम 60 नुसार संरक्षणाच्या वापरातून बाहेर पडलेल्या वाहनाची नागरी नोंदणी करावी लागते. म्हणून कारागिराकडून मापांसह आराखडा घ्यावा, तो नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात दाखवावा आणि उत्तर लेखी मिळवावे. ट्रकवर अजून लष्करी हिरवा रंग असेल, तर तोही बदलावा लागेल. संरक्षण खात्याबाहेरच्या वाहनाला तो रंग लावण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 ने मनाई आहे.

काम झाल्यावर टाकी रिकामी ठेवून ट्रक क्रेटांनी भरावा आणि वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण ट्रक, मग फक्त मागची चाके अशी तीन वजने करावीत. मागच्या ॲक्सलचा आकडा ट्रकवरील पाटीत दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर क्रेटांचे शेवटचे थर कमी करावेत आणि हौद्यात माल नेहमी पुढच्या भिंतीपासून भरत यावा.