स्कॅफोल्डिंग म्हणजे नेमकं काय, वर्गात कसं करायचं?

गवंडी परांची बांधतो न, भिंत उभी राहिली की सोडून घेतो, तसंच लेकराला शिकताना तात्पुरता आधार द्यायचा अन् जमलं की काढून घ्यायचा. शिक्षणात हा शब्द १९७६ ला वुड, ब्रूनर अन् रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या लेखातून आला.

मी बीडकडं तिसरीला शिकवतो. ५२ वजा २७ दिलं की बरीच लेकरं ३५ लिहितात, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातूनच दोन काढून मोकळी! तिथं नुसतं "हातचा घे रे" म्हणून काय होत नाही. मी तुराट्यांच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मांडतो, एक गठ्ठा सोडतो, सुट्या २ च्या १२ झाल्या, आता ७ काढतो, असं मनातलं सगळं मोठ्यानं बोलत करतो. मग सगळे मिळून, मग अर्धं सोडवलेलं गणित, शेवटी नुसती वही.

खरी गोम आधार काढून घेण्यात आहे. मागं मीच दिवाळीपर्यंत गठ्ठे चालू ठेवले तर पोरं चाचणीत काड्या मागायला लागली. ज्याला जमलं त्याच्या लगेच काढा, बाकीच्यांच्या राहू द्या. अन् अडलेल्याला उत्तर सांगू नका, "सुट्या किती हायत, पुरतेत का?" एवढंच विचारा अन् जरा गप थांबा.