बाजारात भेटली तरी ओळख दाखवू नकोस

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. डॉक्टर नाही, नर्स नाही, मग कुटुंब नियोजनाच्या संस्थेत येऊन मी करू काय, असं विचारलंयस. र. धों. कर्वे तरी कुठे डॉक्टर होते, गणित शिकवायचे, आणि 1921 ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजची नोकरी सोडावी लागली ते वेगळंच. 1949 ला फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन उभी करणाऱ्यांतल्या आवाबाई वाडिया वकील होत्या. तेव्हा ते सोड.

मला पण आधी हेच वाटायचं, म्हणून पहिल्या वर्षी मी नुसती बडबड करायचे, गोळी, निरोध, तांबी (कॉपर-टी) सगळं पाठ, समोरच्या बाईने तोंड उघडायच्या आत माझं लेक्चर सुरू. आणि मग घोळ घातला. एकीने घरी न सांगता तांबी बसवून घेतली होती, तीन मुली, आणि मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही असं घरच्यांचं म्हणणं. पंधरा दिवसांनी आठवडी बाजारात दिसली, हातात मेथीची जुडी, आणि मी आपलं प्रेमाने विचारलं, काय गं, आता पोटात दुखत नाही ना तांबीने? शेजारी सासू उभी होती. तिने जुडी हळूच टोपलीत परत ठेवली आणि म्हणाली, तुम्ही कोण, मी नाही ओळखलं. नंतर तपासणीला ती आलीच नाही. तेव्हापासून माझं ठरलंय, रस्त्यात आधी तिने हसायचं, मगच आपण.

बायका सरळ बोलत नाहीत गं. अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरते, असं अर्धा तास चालतं आणि दारात चप्पल घालताना म्हणते, ताई, दिवस गेले असतील आणि ठेवायचं नसेल तर नवऱ्याची सही लागते का हो? खरा प्रश्न तो. म्हणून ती उठली की लगेच रजिस्टरमध्ये डोकं घालायचं नाही. उत्तर पाठ ठेव, 18 पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच. कायदा 1971 चा, 2021 ला सुधारणा झाली, 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत चालतं, काही ठरावीक बायकांना 24 पर्यंत, पण तिथे दोन डॉक्टर लागतात. एवढं सांगून आत डॉक्टरांकडे ने. ठेवायचं की नाही ते तिचं ती बघेल, "माझ्या मते" हे गिळायचं (मला अजून जड जातं, खोटं कशाला बोलू). कुणी मेडिकलमधून गोळी आणून खाऊन आली असेल तर ओरडू नकोस, किती जातंय ते विचार आणि ताबडतोब डॉक्टर.

एकच ठिकाणी सांभाळ, मुलगी 18 च्या आतली असेल तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊन बसू नकोस, तिथे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, समुपदेशक ताईंना लगेच हाक मार.

बाकी काम म्हणजे पोरं सांभाळणं, रांगेत पाणी देणं, बाईचा नंबर येईपर्यंत तिच्याजवळ बसणं. कंटाळा येईल कधीकधी. शनिवारी दहाला ये, आणि वस्तीत घरी जायची वेळ आली तर गळ्यातलं ओळखपत्र गल्लीच्या तोंडालाच काढून पर्समध्ये टाक, ते बघून शेजारीण ओळखते कुणाकडे कशाला आलीस ते.

तुझी ताई