उत्तर : जन्मजात अदृश्यता आणि रुसलेला विझर्ड

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळासाठी तुम्ही रचलेल्या सरडवंशी जमातीला पहिल्या लेव्हलपासून हवे तेव्हा अदृश्य होता येते आणि विझर्ड (जादूगार) खेळणारा मित्र दोन रविवार फिरकलेला नाही, हे तुमच्या प्रश्नात वाचून मला नाशिकच्या गंगापूर रोडवरची आमची जुनी बैठक आठवली. ‘सरडा काय मोजून रंग बदलतो?’ हा तुमचा युक्तिवाद मीही एकेकाळी याच आत्मविश्वासाने केला होता. डीएम (खेळ चालवणारा सूत्रधार) म्हणून मी या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे 2014 चे नियम वापरतो, त्यामुळे पुढचे सारे त्या चौकटीतले आणि एका टेबलाच्या अनुभवाचे आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर उतरणारे धुके पाहून मी ‘धुकेकरी’ नावाची जमात रचली होती. फॉग क्लाउड हा धुके पसरवणारा स्पेल, म्हणजे मंत्र, पहिल्या पातळीचाच (पातळी स्पेलची ताकद सांगते, लेव्हल पात्राची) असल्याने तो त्यांना जन्मतःच दिला, आणि जन्मजात गोष्ट श्वासासारखी सहज असली पाहिजे या तर्काने त्यावरची दिवसाची मर्यादा काढली, कॉन्सन्ट्रेशनची (स्पेल टिकवण्यासाठी त्यावर लक्ष ठेवण्याची) अट काढली, शिवाय स्वतःच्या धुक्यातून त्यांना स्पष्ट दिसते असेही लिहून टाकले. कथेच्या दृष्टीने हे तिन्ही निर्णय मला सुंदर वाटले होते. मग एकाने धुकेकरी जमातीचा ‘रोग’ (Rogue, लपूनछपून वार करणारे पात्र) घेतला. शत्रूला तो दिसत नसल्यामुळे त्याच्या प्रत्येक हल्ल्याला अॅडव्हान्टेज मिळे, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरता येई; जिथे अकरा किंवा अधिक पडायला हवे तिथे 50 टक्क्यांची शक्यता 75 वर जाई, आणि त्याच्यावरच्या हल्ल्यांत लहान आकडा धरावा लागल्याने तीच शक्यता 25 वर येई. त्यातच अॅडव्हान्टेजमुळे स्नीक अटॅक, म्हणजे रोगचा जादा इजा करणारा वार, जवळजवळ दर फेरीला लागे. पण खरा घात त्याच्या सोबत्यांचा झाला. मॅजिक मिसाइल हा हल्ल्याचा आणि हीलिंग वर्ड हा जखमा भरणारा स्पेल, या दोन्हींसाठी लक्ष्य डोळ्यांना दिसावे लागते, त्यामुळे विझर्ड आणि क्लेरिक (पुरोहित) धुक्याच्या काठावर हात बांधून उभे राहात आणि त्यांना खेळवणारे मित्र मोबाइल काढून बसत.

चूक एवढ्यावर थांबली असती तर निभावले असते. मी त्या खेळाडूशी बोलण्याऐवजी प्रत्येक खलनायकाला वारा सोडण्याची विद्या देऊ लागलो, कारण जोरदार वाऱ्याने ते धुके पांगते. चार महिने मी एकाच माणसाच्या विरुद्ध लढती रचत होतो, ते त्याला कळले, आणि बाकीच्यांनाही. दिवाळीनंतर कॅम्पेन, म्हणजे आमचा चालू खेळ, पुन्हा उभे राहिलेच नाही.

माझे ठाम मत असे, की जन्मजात देणगीचा तोल स्पेलच्या पातळीवरून ठरवू नये. ती किती लवकर मिळते आणि तुमच्या टेबलावर किती वेळा वापरली जाते, यावरून ठरवावा. ड्राऊ या भूगर्भातल्या एल्फ जमातीला पहिल्या पातळीचा, शत्रूला उजळवणारा फेअरी फायर तिसऱ्या लेव्हलला मिळतो, तेव्हा विझर्ड दुसऱ्या पातळीचे स्पेल टाकू लागलेला असतो. दुसऱ्या पातळीचा, अंधार पसरवणारा डार्कनेस पाचव्या लेव्हलला मिळतो, तेव्हा विझर्डच्या हाती फायरबॉल (आगीचा गोळा) असू शकतो. देणगी मुद्दाम एक पायरी उशिरा येते आणि दोन्ही स्पेल लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदाच वापरता येतात. अमर्याद मिळतो तो फक्त डान्सिंग लाइट्स (तरंगते दिवे), आणि त्याने कुणाचे पोट दुखत नाही. तुमच्या जमातीकडे पाहा : अदृश्यतेचा स्पेल विझर्डला तिसऱ्या लेव्हलला, तोही मोजके स्लॉट (स्पेल टाकण्याच्या ठरावीक संधी) खर्चून मिळतो. मित्र का रुसला, हे वेगळे सांगायला नको.

‘लाँग रेस्टमागे एकदा’ हेही फसवे असते. 2014 चे डीएमसाठीचे पुस्तक दिवसाला सहा ते आठ लढती गृहीत धरते, तर मिसळ खाऊन अकरा वाजता सुरू होणाऱ्या आमच्या बैठकीत खेळातल्या एका दिवसाला एकच मोठी लढत होई, म्हणजे दिवसातून एकदाची शक्ती प्रत्येक लढतीत हजर. तुमच्याकडेही तसेच असेल तर आकडे आणखी आवळावे लागतील.

दुबळेपणा देऊन किंमत वसूल करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मला तो पटत नाही. ड्राऊला उन्हाचा त्रास दिला, तरी तळघरात ऊन नसते आणि डीएम ते विसरतो. साडेतीन, म्हणजे 2003 च्या 3.5 आवृत्तीत ड्राऊवर दोन लेव्हलचा भार होता, म्हणजे तो तेवढा मागे राही; तेव्हा तो सोबत्यांपेक्षा कमी हिट पॉइंट (जीव) घेऊन फिरे आणि आधी मरे. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते : तिथे जमातीचे फीट (खास कसब) 1, 5, 9, 13 आणि 17 या लेव्हलना निवडायचे असतात, त्यामुळे जादू घेणारा दुसरे काहीतरी सोडतो.

तुमच्यापुरते म्हणाल तर 2016 च्या फिरबोल्ग जमातीचे माप घ्या : पुढच्या पाळीपर्यंतच अदृश्य, हल्ला करताच दृश्य, शॉर्ट किंवा लाँग रेस्टमागे एकदा. पूर्ण अदृश्यता पाचव्या लेव्हलला, लाँग रेस्टमागे एकदा द्या. रंग बदलून झाडीत लपणे मात्र खुशाल अमर्याद ठेवा. तुमचा सरडा तिथे शाबूत राहतो. मात्र बदल करण्याआधी सरडवंशी खेळणाऱ्याला एकट्याला गाठून सांगा आणि त्याला पात्र नव्याने रचायची मुभा द्या. विझर्डवाल्या मित्राला निरोप पाठवू नका, रविवारच्या आधी त्याच्या घरी जा.