नवीन स्टाफ नर्सने वॉर्डातल्या लोकांशी कसं जुळवून घ्यावं?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) संपवून पुढच्या आठवड्यात सर्जिकल वॉर्डात रुजू होताय आणि सिनियर सिस्टर, डॉक्टर, मावशी-मामा (वॉर्डातले मदतनीस) यांच्याशी कसं जुळेल याची धास्ती वाटतेय, असं तुम्ही विचारलंय. मी १३ वर्षं वॉर्डात आहे. माझं सांगणं एकच, आधी ओव्हर, म्हणजे ड्युटी संपवून जाणाऱ्या सिस्टरकडून पेशंटची माहिती, नीट घ्यायला शिका.

ड्युटी ८ ची असेल तर पावणेआठला हजर व्हा. काउंटरवर उभ्या उभ्या ओव्हर घेऊ नका, जाणाऱ्या सिस्टरबरोबर बेडपाशी जा. सलाईन किती उरलंय, सुई लावलेला हात सुजलाय का, युरिन बॅगेत किती जमलंय, हे तिच्यासमोरच बघा. रात्रभर जागलेली ती बाई घरी जायच्या घाईत असते. तरी "सिस्टर, सात नंबरचं सहाचं अँटिबायोटिक गेलं का?" हे विचाराच. घरी जाऊन डोळा लागल्यावर फोन येण्यापेक्षा तिलाही ते बरं.

मावशींचं मला अनुभवाने कळलं. रुजू होऊन महिना झाला होता. एका आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळी ९ ला होतं. एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, असं मी फाइलवर लिहिलं, सिस्टरांना सांगितलं, मावशींना सांगायचं राहिलं. साडेसहाला त्यांनी सगळ्यांबरोबर आजोबांनाही चहा दिला. दुधाच्या चहानंतर भूल द्यायला ६ तास थांबतात. आजोबा दुपारपर्यंत उपाशी राहिले आणि बोलणी मावशींना बसली. मी इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊन चूक माझी आहे म्हणून सांगितलं, पण मावशींचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून एनबीएमचा पेशंट असला की बेडला पाटी लावते आणि मावशींना नावानं हाक मारून सांगते.

डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली तर लगेच लिहा, औषध आणि डोस त्यांना परत वाचून दाखवा, राउंडला सही घ्या. इन्सुलिन भरताना दुसऱ्या सिस्टरला दाखवाच. आपल्याकडे मिलीला ४० आणि १०० युनिट असं दोन्ही येतं, सिरिंजही वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. मी अजूनही दाखवते.

आणि पहिल्याच दिवशी मामांना विचारा, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे टांगलेली असते. ती जागा त्यांनाच नक्की ठाऊक असते.